सात नंबरचा सलाम

१

सकाळी नऊला मावशी ऑफिसचं कुलूप काढायची, केर काढायची, चहाचं आधण ठेवायची, आणि मग चष्मा फडक्याने पुसून त्या मोठ्या पडद्यासमोर बसायची. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, पण रानातल्या एकूण एक मांजराचं तोंड तिला पाठ होतं.

हे काम तिला मिळालं तेही असंच, झाडू मारता मारता. रानातल्या जनावरांचा अभ्यास करायला आलेल्या मॅडम तेव्हा नव्या होत्या. पडद्यावर शेजारी शेजारी दोन बिबटे लावून त्या सगळ्यांना सांगत होत्या की हे एकच जनावर आहे. मागे मावशी बादली घेऊन उभी. तिच्याने राहवलं नाही.

"एक नाही मॅडम, दोन आहेत. हिच्या डाव्या फऱ्यावरचा ठिपका फुटलाय बघा. त्याचा अख्खा आहे."

मॅडमनी बघितलं, परत बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मावशीला खुर्ची मिळाली. रानात नऊ ठिकाणी झाडांना कॅमेरे बांधलेले होते आणि दहावा ऑफिसच्या अंगणात होता. समोर काही हललं की ते आपोआप चित्र काढून ऑफिसात पाठवायचे. आठवड्याला चार-पाच हजार चित्रं यायची, आणि ती निवडायची. तांदूळ निवडावेत तशीच. मॅडमनी तिच्यासाठी बटणांवर रंगीत कागद चिकटवून दिले होते. बिबट्या असला तर लाल, रानमांजर असलं तर पिवळं. लोक असले तर निळं. नुसतंच गवत हललं असेल तर पांढरं. आणि एक हिरवं. हिरवं म्हणजे आपली माणसं, कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला जाणारी.

"आपली माणसं मोजायची नाहीत," मॅडमनी सांगितलं होतं. "नाहीतर रानात लोकांचा वावर किती, तो आकडा उगाच फुगतो. हिरवं दाबायचं आणि पुढे जायचं. ती चित्रं बाजूच्या ढिगात पडतात, सहा महिन्यांनी पुसतात."

आकडे आणि घड्याळ एवढं मावशीला येत होतं. बाकीचं डोक्यात राहायचं. तीन वर्षांपूर्वी कुठल्या ओढ्याकाठी कुठलं मांजर कुठल्या कुशीवर लोळलं होतं हे ती बसल्या जागी सांगायची, आणि मॅडम तपासून बघायच्या तेव्हा ते तसंच निघायचं. पुढे पुढे मॅडमनी तपासणंच सोडलं.

सगळ्यात मोठी गोष्टही मावशीनेच आधी ओळखली. पूर्वी बिबट्या भर दिवसा पाण्यावर यायचा आणि रानमांजरं रात्रीची, जीव मुठीत धरून. मग रस्ता रुंद झाला. लाकडं तोडायला लोक येऊ लागले, सुट्टीच्या दिवशी हौशी लोक फिरायला येऊ लागले. बिबट्याने दिवस सोडून दिला. आणि रानमांजरं दिवसाची दिसायला लागली, तीही कशी? लाकूडतोडे पुढे गेले की दहा मिनिटांनी त्यांच्या मागून. जशी काही त्यांच्याच घरची.

"मोठ्याला माणसाची भीती आणि धाकट्याला मोठ्याची," मावशी म्हणाली होती. "म्हणून धाकटं माणसाच्या सावलीला येऊन बसतं. माणूस जवळ असला की तिथं मोठा येत नाही, हे त्याला बरोबर कळलंय."

मॅडमनी त्यावर तीस पानं लिहिली. मावशीने ती हातात तोलून पाहिली. "एवढंच सांगायला एवढी पानं लागली?"

२

बॅटऱ्या बदलायला जाणारा माणूस म्हणजे मावशीचा जावई.

ऑफिसच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढे पत्र्याचं फाटक, मग लाकडाच्या तीन पायऱ्या, मग दार. तिथे मावशी, तिची लेक, जावई आणि चार वर्षांची नात राहायची. नातीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नव्हती. तिचे लाल गमबूट होते, आणि ते घालून ती चालायची तेव्हा शेजारच्यांना वाटायचं, कपाट हलवताहेत.

हा गुण बापाचा. जावई घरी यायचा म्हणजे वरात यायची. फाटकाला लाथ, घसा खाकरणं, पायऱ्यांवर बूट आपटणं आणि मग आरोळी, "सासूबाई, आलो हो! लपवलेलं खायला काढा!"

"आला दंगा," मावशी आतून म्हणायची. सासू-जावयाचं पहिल्यापासून हे असंच होतं. त्याला तिला चिडवल्याशिवाय करमत नसे आणि तिला चिडल्याशिवाय.

त्यातच त्याने एक खोडी काढली होती. नियम असा की कॅमेरा उघडताना आणि बंद करताना त्याच्यासमोर नंबराची पाटी धरायची. ही चित्रं सासूबाईंसमोर जाणार हे जावयाला ठाऊक. मग हा काय करायचा, उजव्या हातात पाटी धरायचा आणि डावा हात कपाळाला लावून, टाचा जुळवून, कडक सलाम ठोकायचा. वर जिभेचं टोक बाहेर. नऊ कॅमेरे, प्रत्येकी दोन सलाम. भिंगरीनेही तो उचलला होता. उजव्या हातात डब्याचं झाकण, डावा हात कपाळाला, आणि "छलाम!"

मावशी ते चित्र दिसलं रे दिसलं की हिरवं दाबायची. "मी काय ह्याचं थोबाड बघायला बसलेय?"

आणि मग, पावसाळा संपता संपता, जावई सुधारला.

आधी फाटक वाजायचं थांबलं. मावशी चुलीवरून वळायची तर हा दारात उभा. कधी आला, कळायचं नाही. पायऱ्या लाकडाच्या, त्यातली मधली तर मांजर बसलं तरी करकरायची, पण ह्याच्या पायाखाली चूप. घसा खाकरणं गेलं. उलट बोलणं गेलं. "सासूबाई" जाऊन "आई" आलं. ताटात पडेल ते खायचा, जेवण झालं की ताट स्वतः उचलायचा, आणि लेक भिंगरीला भरवायला बसली की समोर बसून तिच्या हाताकडे बघत राहायचा. घास कसा करतात, कसा उचलतात, कसा तोंडापाशी नेतात.

"बघ, किती लक्ष देतो हल्ली," लेक खूष होऊन म्हणायची.

"बघतेय ना," मावशी म्हणायची.

"मग तोंड का असं केलंयस? माणूस सुधारला तर तुला त्रास होतो का गं?"

मावशीने आयुष्यात बरीच माणसं पाहिली होती. बिघडणारी हळूहळू बिघडतात, सुधारणारी तर त्याहून हळू. एका आठवड्यात जो सुधारतो त्याच्या मनात काहीतरी असतं. त्यात पूर्वी दोन वाजता जेवायला हजर असणारा माणूस आता दिवस कलताना परतायचा. मावशीने सरळ हिशेब मांडला. रानात लाकडं तोडायला बायकाही येतात.

आणि ह्याच्या येण्याजाण्याची चित्रं तर तिच्याच बाजूच्या ढिगात पडलेली होती.

३

मॅडम दुपारी आतल्या खोलीत फोनवर असायच्या. ती वेळ साधून मावशीने हिरवा ढीग उघडला.

सुरुवातीला नुसते सलाम. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. एकात त्याने पाटी डोक्यावर ठेवली होती, एकात डोळे तिरळे केले होते. मावशीला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. पिवळ्या ढिगातली चित्रं वेळ बघून त्यांच्या शेजारी लावली, तर त्याच्यानंतर दहा मिनिटांनी प्रत्येक ठिकाणी कानफाटी. ही तिची लाडकी रानमांजर, उजवा कान फाटलेली. बाई कुठेच नव्हती.

मग अकरा तारीख आली.

सात नंबरचा कॅमेरा सगळ्यात लांब, चढावर. समोर एक मोठा खडक आहे, मधोमध दुभंगलेला, माणूस आडवा होऊन आत शिरेल एवढी फट. दहा वाजून दहा मिनिटांनी जावई, पाटी, सलाम, जीभ. दहा पंचवीसला कानफाटी. पण चालत नव्हती. चारही पाय जमिनीच्या वर, शेपटी फुगून बाटली घासायच्या ब्रशासारखी, खडकापासून लांब पळत होती. त्यानंतर पावणेदोन तास काहीच नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी जावई परत निघालेला. पाटी हातात नाही. पाटी खडकापाशी खाली पडलेली. सलाम नाही.

पुढचं चित्र त्याच मिनिटाचं. चित्रभर नाक आणि एक डोळा. कॅमेऱ्याला नाक लावून तो वास घेत होता.

मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. बिबट्या असं करतो. नवा कॅमेरा बांधला की पहिल्यांदा येऊन नाक लावतो. पण हा कॅमेरा ह्याच माणसाने स्वतःच्या हाताने त्या झाडाला बांधला होता.

तिने पुढची चित्रं काढली. त्या तारखेनंतर एकाही ठिकाणी सलाम नव्हता. त्याच्या मागून कानफाटी नव्हती, दहा मिनिटांनी नाही आणि तासानेही नाही. तो ज्या वाटेने जाई ती वाट दोन दोन दिवस रिकामी राहायची. बिबट्याही नाही, रात्रीचाही नाही.

मग ती मांजरं गेली कुठे? ते तिने बाकीच्या ढिगांत शोधलं. ऑफिसच्या अंगणातल्या कॅमेऱ्यात, सकाळी आठ वाजता, पाण्याच्या टाकीमागे बिबट्या बसलेला होता. त्याच्यापासून दहा हातांवर कानफाटीचं मोठं झालेलं पिल्लू. धाकट्याने मोठ्याला बघून पळायला हवं होतं, मोठ्याने धाकट्यावर झेप घ्यायला हवी होती. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही रानातून येणाऱ्या वाटेकडे बघत होते.

आणि कानफाटी स्वतः? ती सात नंबरलाच होती. रोज दुपारी, तिथे कुणी नसताना, ती येऊन त्या फटीच्या तोंडाशी पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून बसायची. अशी निर्धास्त ती एकाच ठिकाणी बसते, जवळ माणूस असला तर. चित्रात माणूस नव्हता. मावशीने चित्र इकडून बघितलं, तिकडून बघितलं. नुसता खडक आणि काळी फट.

४

"मावशी, जावयावरचा राग कॅमेऱ्यावर काढू नका," मॅडम हसत म्हणाल्या.

"राग नाही मॅडम. तुम्ही बघा तरी."

मॅडमनी बघितलं. त्या शिकलेल्या, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. कॅमेरा कधीकधी झोपतो, मधली चित्रं निसटतात. पाटी हातातून पडली असेल. काच पुसली का ते बघायला नाक जवळ नेलं असेल. खडकाला ऊब असते म्हणून मांजर बसतं. आणि बिबट्या खाली उतरला, कारण वर माणसांचा वावर वाढलाय.

"कुणाचा वावर?" मावशीने विचारलं. "निळी चित्रं तर कमी झालीत. लाकूडतोडेही त्या चढावर जात नाहीत. वर जातो तो एकटा आमचा जावई."

"मग त्याचाच वावर," मॅडम म्हणाल्या. "तो काय माणूस नाही?"

मावशी उठली. हाच प्रश्न तिच्याही जिभेवर होता, पण मॅडमनी तो थट्टेत विचारला होता.

घरी जाताना तिने स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. म्हातारे, तुला जावई कधी आवडलाच नाही. आधी दंगा करतो म्हणून, आता करत नाही म्हणून. उद्या तो पंख लावून आला तरी तू पिसं मोजशील. एकदा सरळ तोंडावर विचारून टाक आणि मोकळी हो.

आणि तिने विचारलं. दिवेलागणीला तो जेवायला बसला होता. लेक आत भिंगरीला झोपवत होती.

"जावईबापू, सलाम का हो बंद केलात?"

त्याचा हात ताटावर थांबला. "कसला सलाम, आई?"

"कॅमेऱ्यापुढे करायचात तो. मला चिडवायला."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, चेष्टाही नव्हती. भिंगरीला नवं खेळणं दिलं की ती जशी बघते तसं. "दाखवा ना," तो म्हणाला. "कसा करायचो?"

मावशीच्या डाव्या हातात पळी होती. तिने आपला उजवा हात उचलला आणि कपाळाला लावला.

अर्ध्यातच तिला वाटलं, हे आपण का करतोय. पण हात लावून झाला होता.

पुढच्या आठवड्याच्या चित्रांत सात नंबरला त्रेचाळीस सलाम होते. एकाच दिवसाचे, एकापाठोपाठ एक, अकरा वाजून दोन मिनिटांपासून. पहिल्यात हात पार डोक्याच्या मागे गेला होता. पुढच्यात कानावर. मग डोळ्यावर, बोटं डोळ्यात जातील इतका. दर दोन सलामांमध्ये तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन काचेत बघायचा, आरशात बघावं तसा, आणि परत मागे जाऊन उभा राहायचा. चाळिसाव्याला हात कपाळावर आला. त्रेचाळिसावा अगदी बरोबर होता.

फक्त हात उजवा होता.

५

शनिवारी जेवताना तो म्हणाला, "उद्या भिंगरीला रानात नेतो. मांजराची पिल्लं दाखवायला."

भिंगरी ताटावरून उठून नाचायलाच लागली.

"काही नको," मावशी म्हणाली. "एवढा चढ चढेल का ती?"

"मी उचलून घेईन ना, आई."

रात्री मावशीने एक लाल बूट पिठाच्या डब्याच्या मागे, अगदी कोपऱ्यात दडवला. सकाळी घरभर शोधाशोध. लेक खाटेखाली वाकलेली, भिंगरी रडकुंडीला आलेली. मावशी चहा गाळत शांत उभी. ती वळली तर जावई दारात, आणि त्याच्या हातात बूट. तो स्वयंपाकघरात शिरलेला तिने पाहिला नव्हता. त्याने शोधलंही नव्हतं. बूट त्याने नाकाजवळ धरला होता.

"आई, तू लपवलास?" लेकीचा आवाज चढला. "पुरे आता! जन्मभर त्याच्या मागे लागलीस. चार दिवस घरात शांतता आहे, तीही तुला सोसत नाही?"

"शांतता आहे म्हणूनच सोसत नाही," मावशी म्हणाली. पण हे कुणाला समजावून सांगणार? लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशीने शाल उचलली, चपला घातल्या. "मी पण येते. मलाही बघू दे पिल्लं."

"या ना," जावई म्हणाला.

मावशीला सात नंबरला पोचायला दोन तास लागायचे. ऊन चांगलं पडलं होतं. भिंगरी पुढे पुढे, धाड धाड बूट आपटत, हातात डब्याचं झाकण. जावई सगळ्यात मागे. मावशी सारखी वळून बघायची. त्याच्या पायांखाली वाळली पानं होती, आणि तीही बोलत नव्हती.

खडकापाशी आल्यावर तो म्हणाला, "बसा तुम्ही. मी बघून येतो आहेत का." आणि खडकाच्या मागे गेला.

कॅमेऱ्यासमोरच्या दगडावर मावशी बसली. तिने भिंगरीचा हात उजव्या मुठीत घट्ट धरला. मनाशी ठरवलंच होतं, आभाळ कोसळलं तरी हा हात सोडायचा नाही. आणि तिने तो सोडला नाही. हात लहानसा, गरम, थोडा घामेजलेला. पोर चढून दमली असावी, कारण बराच वेळ ती काही बोलली नाही. मावशीच तिला काहीबाही सांगत राहिली, कानफाटीच्या गोष्टी. एकही पाखरू ओरडत नव्हतं. फटीतून गार हवा येत होती.

मग जावई खडकाच्या दुसऱ्या बाजूने आला. "नाहीत आज पिल्लं," तो म्हणाला. "चला."

एवढंच? मावशीला इतकं हलकं वाटलं की उतरताना ती स्वतःशीच हसली. खुळी कुठली. सोन्यासारखा जावई, आणि आपण पोरीचा बूट लपवतो.

घराच्या फाटकाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की उतरताना सगळी वाट तिला एकट्या स्वतःच्याच चपलांचा आवाज आला होता.

पोर दमली असेल. वाट मऊ असेल. तिने वळून पाहिलं. भिंगरी तिच्या मागे उभी होती, एका जागी, बूट जवळजवळ ठेवून, आणि मावशी फाटकाची कडी कशी काढते ते बघत होती.

६

सोमवारी मॅडम बाहेरगावी होत्या. मावशीने केर काढला नाही, चहा ठेवला नाही. तिने सात नंबरची चित्रं उघडली.

अकरा वीस. तिघं आले. पुढे भिंगरी, उजव्या हातात झाकण, डावा हात कपाळाला, जीभ बाहेर. बापाचा सलाम.

अकरा चोवीस. दगडावर मावशी, शेजारी भिंगरी, हातात हात.

अकरा सव्वीस. दगडावर मावशी.

तिने पुन्हा पाहिलं. दगडावर मावशी एकटी. उजवा हात बाजूला लांब केलेला, मूठ घट्ट मिटलेली, मुठीत काही नाही. अकरा एकतीसला तसंच. अकरा चाळीसला तसंच, फक्त ती खाली वाकून, हसून, रिकाम्या जागेशी काहीतरी बोलत होती.

मावशीने आपला उजवा हात पडद्याच्या उजेडात धरला. ह्याच हातात पोरीचा हात होता. गरम होता. घामेजलेला होता. तिची आठवण आजवर कधी चुकली नव्हती, मॅडम साक्षीला होत्या. आणि कॅमेऱ्याला काही आठवावं लागत नाही.

अकरा बावन्नला तिघं परत निघाले. मावशी, जावई, आणि मधे भिंगरी. भिंगरीच्या हातात झाकण नव्हतं.

मावशी अकरा चाळीसवर परत आली, कारण त्या चित्रात आणखी कुणीतरी होतं. कानफाटी. दगडापासून आठ-दहा हातांवर, आणि मावशीला ती तेव्हा दिसलीच नव्हती. मांजर मावशीकडे पाठ करून बसलं होतं, तोंड फटीकडे, पाय पोटाखाली, डोळे मिटून. माणसाच्या सावलीला बसावं तसं.

चित्र मोठं करायचं बटण कुठलं हे मॅडमनी एकदा दाखवलं होतं. तिने ते दाबलं. फट मोठी झाली. परत दाबलं. काळोखाचे चौकोन चौकोन झाले. त्या चौकोनांत, माणसाचं कपाळ असतं त्या उंचीवर, काहीतरी फिकट होतं. पाच बोटं, जुळवलेली, कपाळाला टेकलेली.

डावा हात.

त्याच्या खाली, कमरेच्या उंचीवर, झाकणाची चकाकी. आणि झाकणाच्या पलीकडे दुसरा हात, अगदी लहान. तोही डावा.

 पावसाळ्यापासून तिचा जावई तिथे उभा राहून सलाम करत होता. आपली चित्रं सासूबाईंसमोर जातात, हे त्याला ठाऊक होतं. आणि सासूबाई हिरवं दाबत होत्या.

"आजी."

ऑफिसची फरशी गुळगुळीत, तिच्यावर गमबूट असे वाजायचे की मॅडम कानावर हात ठेवायच्या. आज काही वाजलं नव्हतं. दारात लाल बूट जुळवून उभे होते.

"आजी, बघ ना."

भिंगरीने उजवा हात उचलला. तो डोक्याच्या मागे गेला. तिने तो खाली घेतला, मावशीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि परत उचलला. कानावर. खाली. परत. डोळ्यावर. दर खेपेला ती एक पाऊल जवळ येऊन बघायची आणि मागे दारात जाऊन उभी राहायची. नवव्या की दहाव्या खेपेला हात कपाळावर बसला.

"आता बरोबर?"

मावशीच्या ओठांवर आलं होतं. चूक सांगायची तिला जन्माची सवय. ठिपका फुटलाय, कान फाटलाय, एक नाही दोन आहेत. तिने दात घट्ट मिटले. एकदा शिकवून झालं होतं, पुन्हा नाही. टेबलाखाली तिने पायाने चपला चाचपल्या. डावी सापडली. मग उजवी. खिडकीत अजून ऊन होतं. दोन तासांची वाट.

"दारातून बाजूला हो, बाळा," ती म्हणाली. "आजीला जरा बाहेर जायचंय."

भिंगरी हलली नाही. मावशी खुर्चीतून कशी उठते, ते ती बघत होती.